पाठीवरचा साक्षीदार

“साक्षीदार आणा!” ओबा अदेतोलाने सिंहासनाच्या हातावर मूठ आपटली. “तुमचा मूळपुरुष इफे नगरीतून निघताना ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, असा साक्षीदार! उद्या उत्सवाचा ढोल वाजायच्या आत! नाहीतर तुमचा मुखवटा माझ्या भटारखान्यात जळण म्हणून जाईल!”

समोर इग्बोमिना वस्तीतले म्हातारे लोटांगण घालून पडले होते. ओकेलारो गावात राजाला ओबा म्हणत आणि हाक मारताना काबियेसी, म्हणजे ज्याला जाब विचारायचा नाही असा. म्हाताऱ्यांना ही हाक फार आवडायची. जाब विचारायचाच नाही म्हटल्यावर निम्मं काम तिथेच संपतं!

सगळेच योरुबा लोक आपलं मूळ इफेला सांगतात. इग्बोमिनाही सांगायचे: आमचा पूर्वज तिथूनच निघाला, हातात कोयता घेऊन, आणि रानात त्या कोयत्यानेच त्याला वाट दाखवली. ओबाला त्यात आजवर काही खटकलं नव्हतं. खटकलं ते गेल्या उत्सवात. पूर्वजांचे मुखवटे नाचायला निघाले आणि अख्खं गाव राजघराण्याचा मुखवटा सोडून इग्बोमिनांच्या मुखवट्यामागे धावलं! झालं. तेव्हापासून महाराजांच्या पोटात दुखत होतं. “वाट दाखवणारा कोयता म्हणे! रानातून आलेली माणसं ही. यांना कुठले पूर्वज!”

असाबी राजवाड्यात धुणी धुवायची. तिचा बाप त्या उत्सवानंतर वारला. वस्तीचा मुखवटा तोच सांभाळायचा. यंदा मुखवटा दारात आला, की बाकीच्या पूर्वजांबरोबर बापही येणार, एवढी एकच गोष्ट तिने मनाशी घट्ट धरून ठेवली होती. आणि आता तो मुखवटा चुलीत?

संध्याकाळी ती धुणं आटोपून आली, तर म्हातारे झाडाखाली ताडी पीत बसलेले.

“पाय धरू,” वस्तीचा मुखिया ओगुनदेले म्हणाला. “म्हणू, काबियेसी, आमचं चुकलं.”

“काय चुकलं, बाबा?”

“ते नंतर ठरवू.”

“प्रत्येक लग्नात इफेपासूनची वंशावळ ऐकवता, जेवण गार होईपर्यंत! आणि आज राजापुढे तोंडातून शब्द नाही?”

“पोरी, मोठ्यांशी बोलतेयस!”

“मोठे म्हणूनच विचारतेय. तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का तो मूळपुरुष? वयाने तर तसेच वाटता.”

म्हातारे तिच्यावर एकदम खेकसले. त्या गोंगाटाने घरात झोपलेलं तिच्या भावाचं तान्हं बाळ जागं झालं आणि ठणाणा करू लागलं. असाबीने त्याला उचललं. खालून चिंब ओलं! लंगोट सोडता सोडता ती थांबली आणि खुदकन हसली.

“दादा,” तिने भावाला हाक मारली, “उद्या सकाळी पोरगा मला दे. दरबारात काम आहे त्याचं.”

सकाळी बाळाला पाठीवर बांधून ती ओबासमोर हजर झाली. मागे म्हातारे, एकमेकांच्या आड लपत.

“काबियेसी, साक्षीदार आणलाय.”

“कुठाय?”

“हा काय, पाठीवर. डुलकी लागलीय. वय झालं की लागते.”

दरबार फिदीफिदी हसला. ओबा भडकला. “हे तान्हं पोर?”

“माझ्या भावाचं. आमचा बाप गेला आणि पाठोपाठ हा आला. म्हणून नाव बाबातुंदे, बाबा परत आले! माझ्या बापात त्याचा आजा परत आला होता, त्या आज्यात त्याचा आजा. असं मागे मागे गेलं, की थेट कोयतेवाल्यापर्यंत हा एकच माणूस. जातो आणि येतो!”

“वेड लागलं का तुला? लंगोटातलं पोर म्हणे मूळपुरुष!”

“काबियेसी, राजवाड्याची धुणी मीच धुते. तुमच्या बाबातुंदेचे लंगोटसुद्धा.”

सगळा दरबार एकदम ओबाकडे पाहू लागला! अदेतोलाचे वडील, आधीचे ओबा, वारल्यावर त्याच्या धाकट्या राणीला मुलगा झाला होता. अदेतोलाने त्याचं नाव बाबातुंदेच ठेवलं आणि बारशाला, सगळ्या गावादेखत, चटईवर लोटांगण घालून म्हणाला होता, “बाबा, आलात!” जो ओबा कुणापुढे मान झुकवत नाही, तो!

“तुमचे वडील परत येऊ शकतात, तर आमचे का नाही?” असाबी म्हणाली. “वाट दाखवणारा कोयता तर आमच्याकडे आहे!”

ओबाने ओठ चावला. नाही म्हणावं तर स्वतःचाच बाप खोटा ठरतो. पण तोही काही कच्चा नव्हता. “ठीक आहे! साक्षीदार आहे ना? मग बोलू दे त्याला!”

“बोलेल की. पण एवढ्या वडीलधाऱ्याला तुम्ही बसल्या जागेवरून विचारणार? आधी धाकट्याने लोटांगण घालायचं, ही आपली रीत ना?”

“मेलो!” मागून ओगुनदेले कण्हला.

तेवढ्यात बाळ जागं झालं आणि त्याने असा काही टाहो फोडला, की पहारेकऱ्याच्या हातातला भाला पडला.

“काय म्हणतोय तो?” ओबाच्या तोंडून निघून गेलं.

असाबीने कान लावला. “म्हणतोय, मला कशाला विचारता? इफेहून निघालो तेव्हा काबियेसींचे वडील माझ्या शेजारीच चालत होते. ते आत झोपलेत, त्यांनाच विचारा!”

आणि तो टाहो ऐकून आतलं बाळ जागं झालं. त्यानेही सूर लावला! दोन्ही बाळं भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकांना साद घातल्यासारखी रडू लागली.

“घ्या!” असाबी म्हणाली. “ओळख पटली त्यांची! आता यांच्या मध्ये तुम्ही बोलणार, की मी?”

ओबाने तोंड दाबून धरलं, पण पोट ऐकेना. तो हसला, हसता हसता मुकुटाचे मणी खुळखुळले. “पुरे, पुरे! दोन बापांपुढे माझं काय चालणार? यंदा तुमचा मुखवटा सगळ्यांच्या पुढे!” त्याने गळ्यातली पोवळ्यांची माळ काढून बाळाला घातली. बाळाने ती लगेच तोंडात कोंबली. “आणि तुला काय हवं, पोरी?”

“आजची सुट्टी. मुखवटा येईल तेव्हा मला दारात उभं राहायचंय.”

“मग आजची धुणी?”

असाबीने मागे वळून म्हाताऱ्यांकडे पाहिलं. ओबानेही पाहिलं, आणि पुन्हा हसत सुटला.

दुपारी ढोल वाजला. मुखवटा डुलत, गिरक्या घेत असाबीच्या दारात आला. तेव्हा तिकडे राजवाड्याच्या विहिरीवर मुखिया ओगुनदेले, बाह्या सरसावून, काबियेसींच्या वडिलांचे लंगोट पिळत होता!