गोळीची पाठराखीण

एका कुंभारवाड्यात भिवबा नावाचा एक भोळा कुंभार राहायचा. हात सोन्याचे. त्याचं मडकं कधी गळलं नाही. डोक्याचं काम मात्र त्याने लग्नानंतर बायकोकडे, कौसाकडे सोपवलं होतं आणि तो निर्धास्त होता.

एकदा कौसा माती तुडवत होती. खापराचा तुकडा तळव्यात घुसला. माती लाल झाली तरी तिला पत्ता नाही! पायांना मुंग्या येत होत्याच, आता ते बधिरही झाले. भिवबाचं धाबं दणाणलं. ही आडवी झाली तर माती कोण तुडवणार? आणि विचार कोण करणार?

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, "ब-बारा जीवनसत्त्व कमी आहे. नसा त्याच्यावरच नीट राहतात. दूध, दही, अंडी द्या आणि रोज ही गोळी."

"पोटात गेली की झालं न्हवं?"

"झालं कसं? हे जीवनसत्त्व नव्या नवरीसारखं. एकटं पुढे जात नाही. पोट त्याला पाठराखीण देतं. ती त्याला लहान आतड्याच्या पार शेवटाला पोचवते. तिथून ते रक्तात शिरतं."

भिवबाने मान डोलावली आणि घरी येताच आपल्या गोदाआत्याला बोलावणं धाडलं. कौसाने गोळी गिळली की आत्याने शेजारी बसायचं. पाठराखीण म्हटल्यावर मान राखायला हवा. रोज गोडधोड, निघताना लुगडं. महिना झाला. आत्याला बाळसं आलं. कौसाचे पाय होते तसेच.

हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो भिवबा, बाहेरच्या माणसाचं तिथे काय काम? जे करायचं ते आतल्यानेच करायचं!"

"मंग हे आधी सांगायचं," भिवबा म्हणाला. लुगडं गेल्याचं त्याला वाईट वाटलं होतं.

चार दिवसांनी भट्टीची ठिणगी छपरावर उडाली. अख्खी आळी घागरी घेऊन धावली. भिवबा दारात आडवा. "मागं व्हा! भायेरच्या मानसाचं हितं काय काम?" आणि आत जाऊन पिण्याच्या तांब्याने आग विझवू लागला. कौसाला खाटेवरून धड उठवेना. "अवं, त्यास्नी येऊ द्या की!" ती ओरडत राहिली. शेवटी आळीने भिवबालाच उचलून बाहेर ठेवलं, म्हणून अर्धं छप्पर वाचलं.

गोळ्यांनी गुण येईना. बाईंनी पुन्हा तपासण्या केल्या. "यांचं पोट पाठराखीण देतच नाही. मग गोळी अंगी कशी लागणार? आता पोटाला मधे घ्यायचंच नाही. थेट दंडात द्यायचं."

सुया सुरू झाल्या. काही आठवड्यांनी एका सकाळी कौसाने मातीत पाय ठेवला आणि तिला गारवा कळला. ती रडली. भिवबाही रडला. एवढी साधी युक्ती आपल्या बापजाद्यांना कशी सुचली नाही, याचं त्याला नवल वाटत होतं. चावायचं नाही, गिळायचं नाही, आणि माणूस ठणठणीत!

कौसा बरी झाली म्हणून आळीला जेवण घालायचं ठरलं. सरपंचही आले. ती चुलीपाशी पुऱ्या तळत होती. वाढायचं काम भिवबाकडे. तो आमटीचा डाव घेऊन पंगतीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, बाह्या वर करा."

एखादी सरकारी योजना असेल म्हणून सरपंचांनी सगळ्यांच्या आधी बाही सरसावली. मग अख्ख्या पंगतीने सरसावली. का म्हणून कुणीही विचारलं नाही.

भिवबाने कढत आमटीचा डाव सरपंचांच्या दंडावर ओतला.

सरपंचांनी जी बोंब ठोकली, ती ऐकून कौसा चुलीपासून धावत आली. आजारपणानंतर ती पहिल्यांदाच धावली होती. भिवबाचं मात्र तिच्याकडे लक्ष नव्हतं. तो सरपंचांना मायेने सांगत होता,

"दोन मिन्टं दाबून धरा. चोळू नगा."