हरणाबाईची पायरी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार, ते विचारू नका. सांगणारीला काल काय रांधलं तेही आठवत नाही. बाभुळखोरीत हरणाबाई नावाची ख्रिस्ती सुईण होती. तिचा हात पोटाला लागला की आडवं मूल आपणहून वळायचं, असं म्हणतात.

एकदा एका कुणब्याची सून बाळंत झाली आणि पाचवीच्याच दिवशी मरायला टेकली. घरात दुसरं बाईमाणूस नाही. ती म्हणाली, "मावशी, सटवाईपुढं दिवा लाव गं. नाहीतर माझ्या लेकराचं नशीब कोण लिहिणार?" हरणाबाईनं दिवा लावला. सून निवांत झाली आणि गेली. तेल संपलं तरी तो दिवा बाळ पहिल्यांदा हसेपर्यंत जळत होता, असं म्हणतात.

ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री, तेव्हा एलीशाबाबा. इतके कडक, की रविवारी कोंबडासुद्धा विचार करून आरवायचा. त्यांनी फर्मावलं, बाई, परक्या देवीपुढं दिवा लावलास, चारचौघांत चूक कबूल कर, नाहीतर तुझं प्रभुभोजन, देवळातली प्रभूच्या नावाची भाकर, बंद. ती म्हणाली, वाईट वाटतच नाही, तर देवाच्या घरात खोटं कसं बोलू? तेव्हापासून प्रभुभोजनाला ती देवळाच्या पायरीवर बसायची. आत भाकर मोडली की तिच्या हातावर जन्मलेली सगळी तान्ही एकदम रडायची, असं म्हणतात.

एलीशाबाबा गेले. त्यांचा मुलगा रूबेन पाळक झाला. तोही हरणाबाईच्याच हातावर जन्मलेला. मऊ मनाचा, पोरांत विटीदांडू खेळणारा. पहिल्याच प्रभुभोजनाला तो भाकर घेऊन पायरीवर आला.

"हरणाआई, सगळं माफ आहे. चल आत."

हरणाबाई भाकरीकडं बघत राहिली. भूक जुनी होती.

"माफ कशाबद्दल रे? मी चुकले, का तुझा बाप?"

उत्तर रूबेनला ठाऊक होतं. पण दार उघडं होतं, मंडळी बघत होती, आणि पुढं त्याची आई बसली होती.

"जाऊ दे ना आता ते."

"त्यानं माझ्याकडं खोटं मागितलं," ती म्हणाली, "आणि तुला खरं बोलवेना."

तिनं भाकर घेतली नाही. दर प्रभुभोजनाला रूबेन घरून ठरवून निघायचा, आज बोलायचंच, आणि पायरीशी आला की नुसती भाकर पुढं करायचा. असंच एका रविवारी हरणाबाई चौकटीला डोकं टेकून बसल्या जागी गेली. त्या दिवशी आत एकही तान्हं रडलं नाही.

मातीला सगळं गाव आलं आणि रूबेनच्या तोंडाकडं बघत राहिलं. त्यानं शास्त्र वाचलं, मूठभर माती टाकली, पण बाप चुकला, हा शब्द काही आला नाही. पुढं मरेपर्यंत तो सगळ्यांना भाकर द्यायचा आणि स्वतः उपाशी पायरीवर जाऊन बसायचा.

बाभुळखोरीत पाळकानं अजून तसंच करायचं असतं. मागं एक तरुण पाळक आला. कृपा सगळ्यांना आहे तर मलाही आहे, म्हणाला, आणि आत बसून भाकर खाल्ली. पंचांनी बैठक घेतली. हरणाबाईचा नियम मोडला म्हणून त्याचं प्रभुभोजन बंद केलं आणि चूक कबूल करेपर्यंत त्याला पायरीवर बसवलं.

अजून बसतो, असं म्हणतात.