वारा पडला तेव्हा

किनाऱ्यापासून दूर, एका खडकाळ बेटावर सुरय जातीची एक समुद्रपक्षीण राहत असे. मुलांनो, सुरय उंचावरून पाण्यात सूर मारते आणि वरच्यावर पोहणारा मासा टिपते. खोल बुडी मारणे तिला जमत नाही. ऐन वैशाखात तिचे पिल्लू अंड्यातून बाहेर आले. त्याला अजून उडता येत नव्हते, भूक मात्र सारखी लागे.

अशात वारा पडला, तो चांगला आठ दिवस. समुद्र परातीतल्या तेलासारखा निश्चल झाला. उन्हाने वरचे पाणी कोमट झाले आणि तारली माशांच्या झुंडी गारव्यासाठी खाली उतरल्या. सुरय दिवसभर सूर मारी आणि रिकाम्या चोचीने परत येई. पिल्लाचा आवाज रोज क्षीण होत चालला. शेजारणी बेट सोडून निघाल्या. "पिल्लाचा मोह सोड, आपला जीव वाचव," जाता जाता एक म्हणाली.

"त्याला टाकून मी कुठे जाऊ?" सुरय म्हणाली.

इतक्यात खडकापाशी एक म्हातारे कासव श्वास घ्यायला वर आले. सुरय रडवेली होऊन त्याला म्हणाली, "कासवआजोबा, या पाण्याने आमच्याशी वैर धरलंय हो!"

"पाण्याचा काय दोष, पोरी?" कासव म्हणाले. "मी आत्ताच खालून आलो. मासे आहेत तिथे. वारा सुटला की तो वरचं कोमट पाणी ढकलून नेतो, मग खालचं गार पाणी वर येतं आणि त्याच्यामागून मासे येतात. इथे वारा पडलाय, पण तो सगळीकडे एकदम पडत नाही. उंच जा आणि वारा कुठे आहे ते शोध."

"वारा दिसायचा कसा?"

"पाणी जिथे सुरकुतलेलं, काळसर दिसेल, तिथे तो आहे असं समज."

सुरय पूर्वी कधी गेली नव्हती इतकी उंच गेली. चहूकडे पाणी नुसते चकाकत होते. पण दूर उत्तरेला, भूशिराच्या पलीकडे, एक काळसर पट्टा दिसला. थकल्या पंखांनी तिने तो गाठला, तेव्हा वारा तिच्या छातीला भिडला. तिने सूर मारला. पाणी गारेगार होते, आणि चोचीत एक चिमुकली तारली तडफडत होती!

ती बेटावर परतली, तेव्हा पिल्लू निपचित पडले होते. तिने मासा त्याच्या चोचीला लावला. क्षणभर काहीच हलले नाही. मग चोच उघडली आणि मासा गट्ट झाला. "अजून!" पिल्लू चिरकले. सुरयला इतके हायसे वाटले की हसावे की रडावे हे तिला कळेना. ती तशीच पुन्हा उत्तरेकडे उडाली.

तीन दिवस तिने अशा खेपा घातल्या. चौथ्या दिवशी वारा बेटापर्यंत येऊन पोचला. पोट भरलेले पिल्लू तिच्या पंखाखाली गाढ झोपले, आणि कित्येक दिवसांनी तिचाही डोळा लागला.

तात्पर्य : संकट जिथे दिसते, तिथेच त्याचे मूळ असते असे नाही, दोष देत न बसता जो मूळ शोधतो, त्याला वाट सापडते.