रेमेदीचे पाय

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की त्या गावच्या चर्चच्या घंटेला अजून तडा गेला नव्हता.

समुद्रकाठच्या त्या गावात मिठागरं होती आणि एक म्हातारे फादर होते. फादर वाईट नव्हते. गावच्या पंचांना घाबरायचे, एवढंच. आणि घाबरणाऱ्याच्या हातात अधिकार आला की काय होतं, ते ऐका.

दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुवायचे, कारण ख्रिस्ताने आपल्या शिष्यांचे धुतले होते. बारा जण ठरलेले, पंच आणि त्यांचे सगेसोयरे. हे म्हातारे घरूनच पाय घासून, वर अत्तर लावून यायचे. फादर त्यावर तांब्याभर पाणी ओतायचे. परातीतलं पाणी होतं तसंच स्वच्छ राहायचं. याला ते सगळे नम्रता म्हणायचे.

त्याच गावात रेमेदी नावाची विधवा मिठागरात राबायची. तिची मुलगी लग्नाशिवाय पोटुशी होऊन माघारी आली, आणि रेमेदीने तिला घरात घेतलं. पंच खवळले. फादरांनी निवाडा दिला की मुलीला घराबाहेर काढ, नाहीतर तू चर्चच्या बाहेर.

"मग मी बाहेरच बरी, फादर," रेमेदी म्हणाली. "पोरीला कुठे टाकू?"

तेव्हापासून ती चर्चच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसून आतली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, ऐकू लागली. एक नाही, दोन नाही, सात वर्षं. नातू चालायला लागला, बोलायला लागला, पंचांच्या वाडीतल्या कैऱ्या पाडायला लागला, तरी निवाडा तिथेच.

दर वर्षी पाय धुण्याच्या त्या गुरुवारी मात्र ती पाय लांब करून बसायची, अगदी वाटेत. फादरांना तो उद्धटपणा वाटायचा. ते झगा सावरून बाजूने निघून जायचे.

सातव्या वर्षी त्यांना राहवलं नाही. त्यांनी पंचांपाशी विषय काढला, की यंदा रेमेदीला आत घेऊ, बारा जणांमध्ये बसवू.

वीस वर्षं पाय धुऊन घेणारा बस्त्याव पंच हसला. "मिठागरातले पाय ते, फादर. परातीला भोक पडेल."

बाकीचे म्हातारेही हसले. मग बस्त्याव म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. फादरही म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. त्यांना हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

ईस्टर उलटून पंधरा दिवस झाले आणि रेमेदी तापाने गेली.

फादर परात घेऊन तिच्या घरी गेले. सात वर्षांत पहिल्यांदाच. तिचे पाय मला धुऊ दे, असं त्यांनी मुलीला विनवलं.

मुलीने त्यांना अडवलं नाही. फक्त म्हणाली, "त्या गुरुवारी पहाटे आई विहिरीवर वजरीने पाय घासायची, फादर. दर वर्षी. भेगांतून रक्त येईपर्यंत. म्हणायची, यंदा बोलावलंच, तर फादरांच्या हाताला मीठ लागायला नको. मग तुम्हाला दिसतील असे पाय ठेवून बसायची."

फादर खाली बसले. भेगांमध्ये खोल रुतलेलं मीठ सुटत गेलं आणि त्यांच्या परातीतलं पाणी पहिल्यांदा गढूळ झालं. त्यांना माफी मागायची होती. ती द्यायला आता कोणी नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांनी परात खालच्या पायरीवर मांडली आणि मिठागरातल्या बायामाणसांना बोलावलं. पंच रुसून घरी बसले, आणि काही बिघडलं नाही. सात वर्षं ज्या रुसव्याची भीती होती, तो एवढाच होता. फादर किती दयाळू झाले, असं गाव म्हणू लागलं. झाले असतील. रेमेदीला त्याचा काय उपयोग?

बोध एवढाच: दार उघडण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याने ते बाहेरचं माणूस जिवंत असतानाच उघडावं.