चूलबंद आवतण

“मग यात उणं काय आहे, ते तरी सांगा.”

उन्मेषने पोस्टर माईंच्या पुढ्यात अंथरलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर गोटे ठेवले.

माई चुलीपाशी बसल्या होत्या. टेकडीवरच्या या लहानशा मठात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. उन्मेष कला महाविद्यालयातून बाहेर पडला तो थेट इथे, त्यांच्याकडे साधना शिकायला आला. पण आल्यापासून शिकायचं राहिलं बाजूला, तो गाव सुधारायच्याच मागे लागला होता.

पौर्णिमेला मठाचा भंडारा असे. आजवर पुरुषांच्याच पंगती उठत आल्या. यंदा पहिली पंगत बायकांची बसवीन तर खरा, असा उन्मेषने पणच केला होता.

पोस्टरवर एक बाई होती. मूठ आभाळाकडे उगारलेली. खाली ठळक अक्षरं : ‘पहिला मान तुमचा, पहिली पंगत तुमची.’

“पिठाच्या गिरणीवर असंच एक लावलंय,” उन्मेष म्हणाला. “बायका बघतात, हसतात, दळण घेतात आणि जातात. इंदूवहिनींना तोंडावर विचारलं, येणार ना? तर म्हणतात, बघू.”

माईंनी चित्र न्याहाळलं.

“ही जेवायला निघाली आहे का भांडायला?”

“हक्क मागतेय ती.”

“बरं.”

...

“बरं म्हणजे काय, माई? चुकलं असेल तर चुकलं म्हणा. रंग बदलू? अक्षर मोठं करू?”

माईंनी शेजारचा तांब्या उचलला आणि पेटत्या चुलीत पाणी ओतलं. फस्सकन धूर झाला.

“अहो, भात कच्चा आहे अजून!”

“आहे खरा.”

“मग मी जेवू काय?”

“मला काय विचारतोस? खाली एवढं गाव आहे.”

उन्मेष तणतणत टेकडी उतरला. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला या माणसांचं काय जातं, हेच त्याला कळत नव्हतं. भूक तर अशी लागलेली, की रागही धड धरवेना.

पहिलंच घर इंदूवहिनींचं. दार उघडं होतं. आत त्या भाकरी थापत होत्या. चुलीच्या कडेला एक तिरंगी मांजरी डोळे मिटून बसली होती.

“काय भाऊजी, चित्रं काढून पोट भरलं नाही वाटतं?”

“जेवायचं राहिलंय,” उन्मेष जमिनीकडे बघत म्हणाला.

“मग उंबऱ्यात कशाला उभे? या की.”

ताटात भाकरी पडली, वर वाटाण्याची उसळ पडली. थोडं पोटात गेल्यावर त्याला धीर आला.

“वहिनी, मी दारात आलो तर लगेच पान वाढलंत. आणि मी बोलावलं तर बघू म्हणता?”

“तुम्ही मला बोलावलं. आमच्या मामंजींना बोलावलं का? आत्याबाईंना? पोरांना?” त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. “त्यांच्यासाठी चूल पेटणारच. आणि ती पेटली की मी इथंच. का सगळं रांधून, झाकून, मग येऊ तुमच्या पंगतीला? मूठ उगारून?”

उन्मेष ओशाळला.

“मग बोलवायचं तरी कसं?”

“चूलबंद आवतण म्हणतात त्याला. घरातलं लहानथोर झाडून सगळं जेवायला. त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. लग्नाला देतात, भावकीत देतात. भंडाऱ्याला आजवर कोणी दिलं नाही बाई.”

त्याचा घास हातातच राहिला.

मांजरी उठली, आळस दिला आणि ताटाजवळ येऊन बसली. इंदूवहिनींनी तिला हाकललं.

“चूल विझायची वाट बघते, मेली. विझली की राखेत मुटकुळं करून झोपते.”

उन्मेष ताट धुऊन ठेवायचंही विसरला आणि धावतच टेकडी चढला.

नव्या पोस्टरवर बाई नव्हती, मूठ नव्हती. एक विझलेली चूल होती आणि तिच्या राखेत गाढ झोपलेली तिरंगी मांजरी. खाली दोनच शब्द : ‘चूलबंद आवतण’. आणि तिथी.

माईंनी ते पाहिलं. मग चुलीवर भात चढवला.

गिरणीवर बायका याही वेळी हसल्या. पण एकीने दुसरीला हाक मारून आणलं. “अगं, ही तर इंदूची मनी!”

पौर्णिमेला टेकडीची वाट साड्यांनी भरून गेली. कोणी सासूचा हात धरून आणत होती, कोणी पोराला काखोटीला मारून. पहिली पंगत बायकांचीच बसली. वाढायला पुरुष होते, आणि त्यांची तारांबळ बघण्यासारखी होती. इंदूवहिनींच्या नवऱ्याने त्यांच्या पानात भाताचा डोंगरच केला.

“एवढा कोणाला?” त्या म्हणाल्या. “रोज मी अशीच वाढते का?”

पंगत हसली. नवराही हसला.

उन्मेष मठाच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला. खाली सगळं गाव दिसत होतं. एकाही छपरातून धूर नव्हता. पोस्टरं त्याने आजवर खूप काढली होती, पण एखादं असं गावभर खरं उतरलेलं त्याने आधी पाहिलं नव्हतं.

माई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“बघा, माई. सगळं गाव वर आहे. कोणी म्हणजे कोणी राहिलं नाही.”

माईंची नजर खाली इंदूवहिनींच्या बंद दारावर थांबली.

...

मग पदराआडून त्यांनी दूधभाताचा द्रोण काढला आणि त्याच्या हातात ठेवला. प्रसाद समजून त्याने तो कपाळाला लावला, घास उचलला.

“तुला नाही.”

“मग?”

“राखेत जिला निजवलीस, ती जेवली का?”