रिकाम्या शिंपल्यांचं झाड

एकदा एक वृद्ध गुरू खाडीच्या मुखाशी राहत होता. गुरू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दाढी, व्याघ्रचर्म आणि पिंपळाचा पार आला असेल, तर ते पुसून टाका. ह्याच्या अंगात मळका सदरा, खांद्यावर पांढरा पंचा आणि समोर संगणक होता. समुद्राचं खारं पाणी वाडीत शिरू नये म्हणून तिथे मातीचा लांब बांध घातला होता आणि बांधात एक लोखंडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. भरती आली की दार खाली, ओहोटी लागली की दार वर. पूर्वी गडी रहाट फिरवून ते हलवत. पुढे यंत्र आलं, यंत्राला संगणक जोडला गेला, गडी शहरात गेले आणि दाराजवळच्या खोलीत म्हातारा एकटा उरला. वाडी बांधाच्या दुसऱ्या टोकाला, हाक पोचणार नाही इतकी लांब. वाडीला गोड्या पाण्याची एकच विहीर. तिच्यात एकदा खारं पाणी शिरलं की वाडी उठली. एवढं सरळ होतं ते.

म्हाताऱ्याची नजर मंदावली तेव्हा वाडीने त्याच्या हाताखाली एक बाई पाठवली. तिलाच का निवडलं, ते चंद्राआत्याने तिच्या तोंडावर सांगितलं. ही आत्या वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई, विहिरीची राखण तिच्याकडे.

"तुझी जेवायला कुणी वाट बघत नाही गं. तिथे तूच टिकशील."

बाईला ते लागलं. लागलं, कारण खरं होतं. नवऱ्यामागे ती भावाच्या घरी राहत होती. कामावरून उशिरा आली तर ताट झाकून ठेवलेलं असे, पण आलीस का म्हणून विचारायला ओसरीवर कुणी नसे. भांडण नव्हतं, मारहाण नव्हती, फक्त ती आहे की नाही याने त्या घरात काही हलत नव्हतं. तिने पेटी उचलली आणि बांधावरून चालत निघाली. मागून कुणी हाक मारली नाही. तिनेही वळून पाहिलं नाही.

तिथे गेल्यावर म्हातारा तिचा आबा झाला आणि ती त्याची बाय.

"बाय, यंत्राच्या दारात शेल नावाचा एक कारकून बसलेला असतो असं समज," आबा म्हणाले. "आपण एक ओळ लिहायची, त्याने ती आतून करवून घ्यायची. तुला वाटत असेल, ऐकेल तसतसा तो करत सुटतो. मुळीच नाही. आधी अख्खी ओळ ऐकतो. तिचे शब्द सुटे करतो. मग त्या शब्दांचं झाड मांडतो. झाड पुरं झालं, की मगच शेंड्यापासून खाली कामाला लागतो."

"ओळीचं झाड?"

"चल, दाखवतो."

ओहोटीच्या चिखलावर आबांनी शिंपल्या मांडल्या. काहींत खडा ठेवला, काही रिकाम्या ठेवल्या आणि मध्ये काटक्या टाकून त्या जोडल्या. शेंड्याला एक, तिच्याखाली दोन फाटे, फाट्यांना पुन्हा फाटे, असं ते वरून खाली वाढणारं उलटं झाड. खड्याच्या शिंपल्या म्हणजे पानं. एकेक पान म्हणजे एकेक काम. दार खाली कर, हे एक पान. दिवा हिरवा कर, हे दुसरं. रिकाम्या शिंपल्या म्हणजे पानांना जोडणारे सांधे.

"हे रिकामे काय करतात?" बाईने विचारलं.

"काही नाही. खालच्याला विचारतात, झालं का? आणि जे उत्तर येईल ते वर सांगतात."

"फुकटचे मुकादम!"

आबा हसले, मग खोकले. बाई हसली नाही. रिकामं बसणाऱ्यांचा तिला मनापासून राग होता. भावाच्या घरी तिने कोपराएवढी जागा मिळवली होती ती राबून. जो राबत नाही त्याला जागा नाही, एवढंच जगाने तिला शिकवलं होतं. तेव्हा पानं तिने पाठ केली आणि सांधे सोडून दिले.

अष्टमीला संध्याकाळच्या भरतीची ओळ आबांनी तिलाच लिहायला दिली. "आधी झाड मांड," ते म्हणाले. ती "हो" म्हणाली आणि मांडलं नाही. दोनच तर कामं, त्याला कसलं झाड? तिने लिहिलं: दार खाली कर, मग दिवा हिरवा कर. दिवा हिरवा झाला. त्या दिव्याचा अर्थ, दार लागलं, निश्चिंत व्हा. दिवा दिसला नाही तर वाडीने विहिरीकडे जाणाऱ्या ओहोळात फळ्या टाकायच्या, असा शिरस्ता होता. त्या संध्याकाळी दिवा दिसला. फळ्या कुणी टाकल्या नाहीत.

सकाळी चंद्राआत्या विहिरीच्या पायरीजवळचं पाणी तांब्यात घेऊन बांधावरून तरातरा आली.

"चाख."

बाईने घोट घेतला आणि थुंकला. खारट.

"विहिरीच्या पायरीला टेकून मागे गेलं पाणी. अष्टमीची दुबळी भरती, म्हणून वाचलो. तुझ्या दाराखाली तिवराचा ओंडका अडकलाय. जा, बघ जा! दार उघडं आणि दिवा हिरवा! भावाच्या घरी असाच कारभार होता का गं तुझा?"

आत्याने तिच्या हातातून तांब्या हिसकावून घेतला.

"पौर्णिमेचं उधाण येईल तेव्हा असलं केलंस तर फळ्यासुद्धा घटकाभरच तग धरतील. मग विहीर गेली, आणि विहिरीमागून आम्ही."

आत्या गेली. बाईने खोलीत जाऊन पेटी भरली. ती बाहेर आली तेव्हा आबा चिखलात उकिडवे बसले होते.

"जायचं तर जा. पण आधी हे बघून जा."

चिखलात दोन झाडं मांडली होती. पहिल्यात शेंड्याला एक रिकामी शिंपली, तिच्याखाली डावीकडे दाराचा खडा, उजवीकडे दिव्याचा. दुसऱ्यातही तसंच.

"दोन्ही सारखीच आहेत," बाई चिडून म्हणाली.

"पानं सारखी आहेत." आबांनी पहिल्या झाडाच्या शेंड्यावर बोट ठेवलं. "ह्या सांध्याचं नाव 'मग'. हा दाराला पाठवतो, उत्तर काय आलं याची पर्वा करत नाही आणि सरळ दिव्याकडे जातो. काल दाराने सांगितलं होतं, नाही झालं. पण ऐकायला कुणी नव्हतं." मग दुसऱ्या झाडाच्या शेंड्यावर. "ह्याचं नाव 'झालं तरच'. हा दाराला पाठवतो आणि थांबतो. हो आलं तरच दिव्याकडे वळतो."

त्यांनी दुसऱ्या झाडाच्या माथ्यावर आणखी एक रिकामी शिंपली ठेवली. आधीचं सगळं झाड तिच्या डाव्या हाताला आलं. उजव्या हाताला एक नवा खडा.

"हा 'नाहीतर'. खालून नाही आलं, तर हा उजवीकडे जाऊन भोंगा वाजवतो. बघ बाय, ह्या माथ्यावरच्याला दार ठाऊक नाही, दिवा ठाऊक नाही, ओंडका तर नाहीच नाही. त्याला खालून येणारं फक्त हो किंवा नाही ठाऊक. तेवढ्यासाठी तो तिथे बसून असतो."

"एकटाच?"

"एकटाच."

"बिचारा," बाई म्हणाली, आणि आपण शिंपलीला बिचारी म्हटलं हे कळून तिने तोंड फिरवलं. पेटी तिने परत आत नेऊन ठेवली.

पौर्णिमेला उधाण भर दुपारचं होतं. उन्हात दिवा वाडीतून दिसत नाही. आबा सकाळीच उठले, खांद्यावर पंचा टाकला आणि निघाले.

"आबा, कुठे?"

"बांधावर, मधल्या दगडावर. दार लागलं की हाक मार."

"अहो, आज उधाण आहे!"

"म्हणूनच."

बांधाच्या मध्यावर एक मोठा दगड होता. तिथवर वाडीची हाक पोचायची नाही, पण उघाडीकडची पोचायची. आबा त्यावर जाऊन बसले. वाडीकडे तोंड, उघाडीकडे पाठ. बाई खोलीत एकटी. आजच्या दिवशी तरी शेजारी बसायला काय झालं होतं ह्यांना? तिला भावाची ओसरी आठवली. तिथेही सगळ्यांची पाठच होती.

पाणी चढू लागलं. ती खाली उतरली, हातांत मावतील तेवढ्या शिंपल्या घेऊन आली आणि खोलीच्या जमिनीवर झाड मांडलं. माथ्याला 'नाहीतर'. खाली 'झालं तरच'. दार, दिवा, भोंगा. मग तिने ओळ लिहिली आणि कळ दाबली.

यंत्र कण्हलं. दार उतरलं, अर्ध्यावर अडलं. दिवा पेटला नाही. भोंगा वाजू लागला.

"आबा!" ती दारात येऊन ओरडली. "आबा, अडकलंय!"

पाठ हलली नाही.

"अहो, ऐकू येत नाही का?"

भोंगा खाडीभर घुमत होता, बगळे उडून गेले होते, आणि म्हातारा दगडावर दुसरा दगड ठेवल्यासारखा बसून होता. बाईने मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोलून घेतलं. मग बांबू उचलला आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरली. एक फांदी दाराच्या खाचेत रुतली होती. तिने ढोसलं, पुन्हा ढोसलं, पाय घसरला, नाकातोंडात खारं पाणी गेलं, पण फांदी सुटली. भिजलेल्या हातांनी तिने तीच ओळ पुन्हा दिली. दार तळाला टेकलं. दिवा हिरवा झाला.

"झालं!" ती ओरडली.

पाठ तत्क्षणी हलली. आबा उभे राहिले आणि त्यांनी पंचा डोक्यावर गरगर फिरवला. दूर, वाडीच्या टोकाला, विहिरीपाशी एक ठिपका उभा होता. त्या ठिपक्याने घागर दोन्ही हातांनी वर उचलली.

बाई चिखलाने माखलेली तशीच बांधावरून चालत गेली.

"माणूस आहात का कोण आहात? बुडाले असते मी!"

"बैस," आबा म्हणाले. "मी बहिरा नाही, बाय. भोंगा ऐकून काळीज तोंडाशी आलं माझं. पण आत्याचे डोळे ह्या पंच्यावर होते. भोंगा ऐकून तिने फळ्या टाकल्या, आणि पुढे पंचा हलेल तेव्हा काढायच्या म्हणून उभी राहिली. मी उठून तुझ्याकडे धावलो असतो, तर तिला काय दिसलं असतं? पंचा हलला. तिने फळ्या काढल्या असत्या. मी मदतीला गेलो असतो आणि विहीर घालवून बसलो असतो. दार लावणारं पान तू. मी रिकामी शिंपली. मी काही करत नाही, फक्त वाट बघतो. आणि वाट बघणारा जागचा उठला, की वर खोटं उत्तर जातं."

बाई दगडावर टेकली. पाणी बांधाच्या अंगाला चाटत होतं, पण पलीकडेच.

"आत्या कधीपासून उभी आहे तिथे?"

"मी येऊन बसलो तेव्हाही होती. पंचा हलेपर्यंत ती विहिरीत घागर सोडत नाही. तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही. गेली कित्येक वर्षं."

"माझ्यासाठी?"

"तुझ्या उत्तरासाठी. तू तिला दिसत नाहीस. तुझ्या हाताखालचं दारही तिथून दिसत नाही. पण ती थांबते. माणूस काम करताना दिसतो बाय, थांबलेला दिसत नाही. म्हणून आपल्याला वाटतं, कुणी नाही."

ओली ओढणी पिळत बाई वाडीकडे बघत राहिली. ठिपका वाकला होता. घागर विहिरीत उतरत असावी.

पुढच्या थंडीत आबा गेले. वाडीने दुसरं कुणी पाठवलं नाही, पाठवायला वाडीत होतं तरी कोण? आता उधाणाच्या दुपारी बाई झाड मांडते, ओळ देते, दार तळाला टेकलेलं डोळ्यांनी बघते आणि मग मधल्या दगडापर्यंत चालत जाते. दगड रिकामा असतो. ती त्याच्यापाशी उभी राहते आणि हलक्या आवाजात, ऐकायला कुणी नसताना, "झालं" म्हणते. तेवढं म्हटल्याशिवाय तिचा हात वर होत नाही. मग ती आबांचा पंचा फिरवते आणि दूरवर घागर उचलली जाण्याची वाट बघत थांबते.

तुम्ही कुठे पोचलात, काय केलंत, जमलं की फसलं, ते एका शब्दाने कळवत जा. कुणी विचारलं नाही म्हणून गप्प बसता ना, तेव्हा कुठेतरी एक घागर विहिरीच्या काठावर ताटकळत असते.