अँटेनावरचा हात

तालुक्याच्या गावी अँटेना बसवणारे एकटे गुंजाळच, त्यामुळे त्यांचा तोरा मोठा होता. शालनवहिनींच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या आणि संध्याकाळी त्यांच्या धाकट्या बहिणीचं गाणं लागणार होतं. म्हणून त्यांनी गुंजाळांना बोलावलं.

गुंजाळांनी गच्चीवर जाऊन अँटेनाचा दांडा धरला. खालून सासूबाई ओरडल्या, "आलं गं, लख्ख आलं!" गुंजाळांनी दांडा सोडला, की लगेच, "गेलं!" पुन्हा धरला, तर पुन्हा, "आलं!"

वहिनींना नवल वाटलं. टीव्हीवरच्या चित्राला गुंजाळांच्या हाताचा एवढा लळा का? त्या वर गेल्या.

गुंजाळ दांडा धरून ऐटीत म्हणाले, "चित्र आणून दाखवलं, माझं काम झालं. शंभर रुपये द्या. ते टिकायला हवं असेल, तर नवा अँटेना घ्या. आठशे पडतील."

वहिनींनी शंभराची नोट पुढे केली. गुंजाळांनी दुसऱ्या हाताने तिचं टोक पकडलं, पण वहिनी काही नोट सोडेनात.

"अहो वहिनी, सोडा की!"

"सोडते की. आधी तुम्ही दांड्यावरचा हात सोडा. चित्र राहिलं, की मीही नोटेवरचा हात सोडते."

गुंजाळ गोरेमोरे झाले. नोट सोडून त्यांनी मुठीखाली निरखून पाहिलं. तिथेच वायर सैल झाली होती आणि मुठीने दाबली, की जुळत होती. त्यांनी स्क्रू आवळला आणि हळूच हात काढला.

"अगं, आहे! अजून आहे!" सासूबाई ओरडल्या.

वहिनींनी हसत नोट त्यांच्या हातावर ठेवली.